वाचक विचारतात: मुलांना ‘अमेरिकन’ शाळेत घालू का?

प्रश्न: ताई, आम्ही पुण्यात बावधनला राहतो. यजमानांना दुबईत जेबेल अलीच्या एका कंपनीत तीन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालं आहे. आम्ही सगळे जूनमध्ये निघू. मुलगी सीबीएसईच्या आठवीत आहे, मार्चमध्ये तिची परीक्षा संपेल. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि तेही भारतात, असं आत्ता तरी म्हणते. धाकटा मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. कंपनी दोघांच्या फीपोटी ठरावीक रक्कम देणार आहे. यजमानांचे तिथले सहकारी सांगतात, “अमेरिकन शाळेत घाला, बोर्डाची कटकट नाही, मुलं हसतखेळत शिकतात.” सासरे म्हणतात, सीबीएसई सोडायची नाही. शाळांच्या वेबसाइट बघून तर डोकं भणभणलं, सगळ्याच सारख्या दिसतात. नेमकं काय बघून ठरवायचं? – एक आई, बावधन

उत्तर: दोन्ही मुलं एकाच शाळेत हवीत हा आग्रह आधी बाजूला ठेवा. एक बस, एक पालकसभा, एक युनिफॉर्मचं दुकान, सोय होते हे कबूल. पण तुमच्या पत्रावरून मला धाकट्याचं उत्तर एक दिसतंय आणि थोरलीचं दुसरं.

मी आखातात आणि पुढे बँकॉकला अमेरिकन पद्धतीच्या शाळांच्या ऑफिसात, रजिस्ट्रारच्या खुर्चीत, बरीच वर्षं काढली. समोर बसलेले आईवडील स्विमिंग पूल किती मोठा ते विचारायचे, वर्गात एसी आहे का ते विचारायचे (दुबईत!), पण “तुमचा अभ्यासक्रम नक्की कुठला?” हे क्वचितच कुणी विचारायचं. आणि अमेरिकन शाळेला पहिला प्रश्न तोच करायला हवा. अमेरिकेत आपल्या सीबीएसईसारखं देशभराचं एक बोर्ड नाही. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय, प्रत्येक राज्याची इयत्तावार मानकं वेगळी. इंग्रजी आणि गणितासाठी 2010 मध्ये ‘कॉमन कोअर’ आलं, विज्ञानासाठी 2013 मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’, म्हणजे एनजीएसएस. ती बऱ्याच राज्यांनी घेतली, काहींनी घेतली नाहीत, काहींनी घेऊन सोडली. परदेशातली शाळा यातलं काहीतरी निवडते. चांगल्या शाळेचं ऑफिस लगेच सांगतं: आम्ही कॅलिफोर्नियाची मानकं वापरतो, किंवा कॉमन कोअर अधिक एनजीएसएस. जिथे उत्तर येतं, “आमचा ग्लोबल अमेरिकन करिक्युलम आहे,” तिथे दिलेला चहा प्या आणि निघा.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. अमेरिकन शाळेला सरकारी बोर्ड नसल्यामुळे तिची पत ठरते ती अ‍ॅक्रेडिटेशनवर. वॅस्क, नीॲस्क, मिडल स्टेट्स, कॉग्निया या मान्यता देणाऱ्या संस्थांची नावं तुम्हाला वेबसाइटच्या तळाशी छोट्या चिन्हांत दिसतील. चिन्हावर विश्वास ठेवू नका. त्या संस्थांच्या स्वतःच्या यादीत शाळेचं नाव शोधा आणि समोर ‘अ‍ॅक्रेडिटेड’ लिहिलंय की ‘कँडिडेट’ ते बघा. कँडिडेट म्हणजे अर्ज केलाय, काम चालू आहे. दुसरी-तिसरीतल्या मुलाला त्यानं फारसं बिघडत नाही. दहावी-अकरावीतल्या मुलाच्या बाबतीत मात्र मी कँडिडेट शाळा घेणार नाही, कारण पुढे भारतात यायचं झालं तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, जो समकक्षतेचा दाखला देते, तिथे घोडं याच मान्यतेवर अडतं.

दुबईत तुमच्या हाताशी आणखी एक गोष्ट आहे, जी बँकॉकला नव्हती. तिथल्या खाजगी शाळांवर केएचडीए ही सरकारी संस्था देखरेख ठेवते. 2008 पासून ती शाळांच्या तपासण्या करते आणि अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. ‘आउटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत सहा पायऱ्या आहेत. लोक पायरी बघतात आणि अहवाल मिटतात. तुम्ही सुरुवातीची माहितीची चौकट वाचा. शिक्षकांमध्ये सर्वांत मोठा गट कोणत्या देशाचा, मुलांमध्ये कोणत्या देशाचा, समुपदेशक किती, बाहेरच्या परीक्षा कोणत्या, मान्यता कुणाची, हे सगळं तिथे एका पानावर असतं. दुबईत सर्वांत जास्त मुलं ब्रिटिश शाळांत, त्याखालोखाल भारतीय, अमेरिकन तिसऱ्या. या तिसऱ्या गटात उत्तम शाळाही आहेत आणि नुसती पाटी अमेरिकन असलेल्याही. ज्या शाळेत अमेरिकेत शिकवलेला एकही शिक्षक नाही, ती वाईटच असेल असं नाही. पण तिच्या फीमध्ये अमेरिकेचे पैसे का मोजायचे? आणि एक लक्षात ठेवा: सरसकट तपासण्या 2023-24 नंतर थांबवलेल्या आहेत. त्यानंतर मुख्याध्यापक बदलले असतील, तर पायरी जुन्या कारभाराची समजा.

आता कन्येचं. “बोर्डाची कटकट नाही” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर मला पाठ आहे. दहावीचं बोर्ड नाही हे खरं, पण त्याच्या जागी ट्रान्स्क्रिप्ट आहे. अमेरिकन हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि या चारही वर्षांचा हिशेब एका कागदावर राहतो. साधा ए-फोर कागद. डावीकडे नववीचे विषय, खाली दहावीचे, उजवीकडे अकरावी आणि बारावी. प्रत्येक विषयापुढे अक्षरश्रेणी, ‘ए’, ‘बी प्लस’ वगैरे, त्यापुढे क्रेडिट, पूर्ण वर्षाचा विषय असेल तर एक, एका सत्राचा असेल तर अर्धा. कोपऱ्यात जीपीए, म्हणजे सगळ्या श्रेणींची सरासरी, बहुतेक ठिकाणी चारपैकी. आपल्याकडे नववीचे मार्क कुणी विचारत नाही. तिथे नववीच्या पहिल्या सत्रात, नवा देश, नवा उच्चार, नवी मैत्रीण नाही, अशा दिवसांत इंग्रजीत ‘सी’ मिळाला, तर तो बारावीनंतर अर्ज करताना त्या कागदावर तसाच असतो. आणि श्रेणी एका परीक्षेवर ठरत नाही. गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रयोगवही, गटातलं काम, वर्गातला सहभाग, सगळं त्यात मोजलं जातं. तीन महिने निवांत राहून शेवटी रात्र जागवणाऱ्या मुलांचं तिथे फार अवघड होतं.

पुढचा मुद्दा गणिताचा, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत हा सर्वांत जास्त नडतो. आपण बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात शिकवतो. अमेरिकन शाळेत एकेक वर्षाचा एकेक विषय असतो: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. नववीत आलेल्या नव्या मुलीला ऑफिस सरळ अल्जिब्रा वनमध्ये टाकतं. मोजा: नववीत अल्जिब्रा वन, दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जिब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस. कॅल्क्युलस आलंच नाही. पहिल्याच आठवड्यात प्लेसमेंट टेस्ट मागून घ्यायची असते, शाळा स्वतःहून सुचवेल याची वाट बघायची नसते. आपली बरीच मुलं त्यात एक पायरी सहज वर जातात.

विज्ञानाचंही तेच. बहुतेक शाळांत नववीला बायोलॉजी, दहावीला केमिस्ट्री, अकरावीला फिजिक्स, बारावीला आवडीचं काहीतरी. अमेरिकेत राहायचं असेल तर यात काही वावगं नाही. पण तुमच्या मुलीला ‘नीट’, म्हणजे भारतातली वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. त्या वाटेला अकरावी-बारावीच्या पातळीवर फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी, तिन्ही लागतात. अमेरिकन शाळेत ते जमवता येतं, एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय घेऊन, पण त्यासाठी नववीतच समुपदेशकासमोर बसून चार वर्षांचा तक्ता लिहून घ्यावा लागतो. शिवाय नीटचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवर चालतो, तो शाळेबाहेर वेगळा.

हे सगळं निभावून नेता आलं असतं. तुमच्या बाबतीत अडचण काँट्रॅक्टच्या तीन वर्षांची आहे. नववी, दहावी, अकरावी दुबईत, आणि बारावीच्या तोंडावर परत. सीबीएसई बारावीत बाहेरच्या मुलाला थेट घेत नाही. अकरावी-बारावी सलग तिथेच करावी लागते, सवलत असते ती वडिलांच्या बदलीसारख्या कारणानं एका सीबीएसई शाळेतून दुसऱ्या सीबीएसई शाळेत जाणाऱ्यांना. म्हणजे अमेरिकन अकरावी करून आलेली मुलगी इथे पुन्हा अकरावीत बसणार. कंपनीनं काँट्रॅक्ट वाढवलं तर प्रश्न नाही, पण कंपनीच्या मनातलं आज कुणाला माहीत?

त्यामुळे मुलीसाठी मी दुबईतली सीबीएसई शाळाच घेईन. तिथे अशा शाळा भरपूर आहेत आणि त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, अमेरिकन शाळांचं ऑगस्टच्या शेवटी. पुस्तकं दोन्हीकडे एनसीईआरटीचीच, म्हणून एप्रिल ते जून तिला पुण्याच्या शाळेतच नववी सुरू करू द्या आणि मग बदली घ्या. जागा मात्र आत्तापासून धरून ठेवा. चांगल्या भारतीय शाळांत नववीच्या जागा मोजक्याच निघतात.

धाकट्याला मात्र खुशाल अमेरिकन शाळेत घाला. तिसरी, चौथी, पाचवी तिकडे करून तो सहावीत परत येईल, कुणी ट्रान्स्क्रिप्ट मागणार नाही. प्राथमिक वर्ग ही या शाळांची सर्वांत जमेची बाजू. वाचन प्रत्येक मुलाच्या पातळीचं असतं, वर्गातच पुस्तकांचं कपाट असतं, मूल आपल्या पातळीचं पुस्तक उचलतं, आणि बाई एकेकाला शेजारी बसवून वाचून घेतात. मराठी माध्यमाची धास्ती बाळगू नका. ज्याला एका भाषेत नीट वाचता येतं, त्याला दुसरी लवकर येते. मला मराठी, गुजराती, कोरियन, सगळ्यांत हेच दिसलं. फक्त शाळेला तीन गोष्टी विचारा. इंग्रजीची पातळी कशावर मोजता (बऱ्याच शाळा ‘विडा’ या संस्थेच्या चाचण्या वापरतात), मदतीचा तास वर्गातच होतो की मुलाला बाहेर काढून, आणि त्याची फी वेगळी आहे का. पहिले काही महिने तो वर्गात गप्प बसेल. घरी येऊन भडाभडा बोलतोय ना, तेवढं बघा.

त्याला वर्षातून दोन-तीनदा संगणकावर ‘मॅप ग्रोथ’ नावाची चाचणी देतील. मार्क शंभरपैकी नसतात, त्यामुळे आकडा बघून घाबरायचं नाही; आकडा दर वेळी वर सरकतोय का, एवढंच महत्त्वाचं. दुबईत नववीपर्यंत अरबीही सक्तीची आहे, तीही तो उजवीकडून डावीकडे मजेत गिरवील. मराठी मात्र तुम्हालाच सांभाळावी लागेल. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे सहावीत परतल्यावर ती पुढ्यात येईल.

फीबद्दल. दुबईतल्या अमेरिकन शाळांची वर्षाची फी 25-30 हजार दिरहमपासून 90 हजारांच्या पुढे जाते, आणि वरच्या वर्गांत वाढते. कंपनी “फी देते” म्हणजे काय देते, हे यजमानांना पत्रात लिहून मागायला सांगा. बस, युनिफॉर्म, इंग्रजीची जादा मदत, टॅब्लेट, सहली, हे बहुतेकदा त्यात नसतं. कंपनी सत्र संपल्यावर पैसे देते आणि शाळा सत्राआधी मागते, या फटीत बरीच घरं पहिल्या वर्षी अडकतात.

कागदपत्रांत एकच सांगते, बाकी शाळा यादी देईल. धाकट्याचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत मिळेल. मुख्याध्यापकांकडून इंग्रजीत मागा, त्यावर शिक्षणाधिकारी कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी घ्या, आणि निघायच्या आधी तो दाखला पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. आपल्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. एका ठिकाणी ‘व्ही’ आणि दुसरीकडे ‘डब्ल्यू’ एवढ्यावरून फायली टेबलावर पडून राहिलेल्या मी बघितल्या आहेत.

प्रश्न: नाशिकहून आम्ही व्हिएतनामला, हो ची मिन्ह सिटीला जातोय. मुलगा अकरावीत जाणार. जवळच्या दोन शाळांपैकी एकीत अमेरिकन डिप्लोमा आणि एपी, दुसरीत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट). त्याला पुढे जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये इंजिनिअरिंग करायचं आहे. अमेरिकन डिप्लोमा युरोपात चालतो का? – एक वडील, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: नुसता चालत नाही. अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा हा अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी पुरतो, कारण तिथे ट्रान्स्क्रिप्ट, निबंध, शिफारसपत्रं असं सगळं मिळून बघतात. नेदरलँड्सची संशोधन विद्यापीठं डिप्लोमाबरोबर सहसा तीन-चार एपी मागतात, प्रत्येकात पाचपैकी किमान तीन. जर्मनीतही थेट प्रवेशासाठी ठरावीक विषयांच्या एपी लागतात. इंजिनिअरिंग म्हटलं की कॅल्क्युलस आणि फिजिक्स आलंच. तेव्हा त्या शाळेला विचारा: एपी कॅल्क्युलस बीसी आणि एपी फिजिक्स सी तुम्ही स्वतः शिकवता की ऑनलाइन घ्यायला सांगता? गेल्या दोन वर्षांत किती मुलं बसली आणि किती गुण मिळाले? एपीच्या परीक्षा दर मे महिन्यात होतात, निकाल शाळेकडे असतोच. सांगायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

आयबी डिप्लोमा युरोपला जास्त ओळखीचा, पण तो दोन वर्षांचा एकजीव कार्यक्रम आहे, सहा विषय, मोठा निबंध, वगैरे. पहिल्या दिवसापासून बसावं लागतं आणि मध्येच शाळा बदलणं महाकठीण. एपीचा प्रत्येक विषय सुटा असतो. अकरावीत दोन दिल्या, बारावीत दुसऱ्या देशात जाऊन दोन दिल्या, तरी चालतं. तुमची नोकरी दोन वर्षं तिथेच पक्की असेल तर आयबी घ्या. वर्षभरात पुन्हा बदली होईल अशी शंका असेल तर एपी. जर्मनीत विषयांच्या निवडीवरून आयबीचीही छाननी होते, त्यामुळे गणित वरच्या पातळीचं घ्या आणि विषय ठरवण्याआधी विद्यापीठाची अट वाचा.

प्रश्न: माझा नातू पुढच्या महिन्यात दोह्याला जातोय, तिथे अमेरिकन शाळेत चौथीत बसणार. म्हणजे त्याचं शिवाजी महाराजांचं पुस्तकच बुडणार. तिथे म्हणे अमेरिकेचा इतिहास शिकवतात. हे बरं आहे का? – एक आजी, कराड

उत्तर: आजी, अमेरिकेचा इतिहास शिकवतील, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. खालच्या वर्गांत समाजशास्त्र म्हणून नकाशे, समाज, प्राचीन संस्कृती असं बरंच असतं. वर गेल्यावर अमेरिकेचा इतिहास पूर्ण वर्षाचा विषय होतो, तेव्हा बघता येईल. चौथीचं पुस्तक मात्र बुडू द्यायचं काही कारण नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट उतरवून घेता येतं. सुनेला सांगा, ती पाच मिनिटांत काढून देईल. पण खरं सांगू का, एक छापील प्रत त्याच्या बॅगेत टाकाच. टॅब्लेटवर उघडलेलं पुस्तक दुसऱ्या मिनिटाला खेळात बदलतं.

आठवड्याला एक धडा फोनवर वाचून घ्या. रविवार धरू नका, कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी शाळा असते. शनिवारी सकाळी अकराला फोन लावलात तर तिथे साडेआठ वाजलेले असतील.